डफ आणि जाते

ठाणे जिल्ह्याचे मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत फारसे डोकावत नाहीत. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना निजामशाहीचा डाव आवरता घ्यावा लागला आणि मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत, एवढे दोन उल्लेख विद्यार्थी पाठ करतात व परीक्षेनंतर विसरून जातात. परंतु याच मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या भिंतीला बिलगून उभ्या असलेल्या सिद्धगडाच्या रानात, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे गोळ्या झडल्या आणि दोन माणसे धारातीर्थी पडली. त्यांतील एक होते माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, आणि दुसरे मानिवलीचे हिराजी पाटील. या घटनेवर पुढे पोवाडे रचले गेले, शाळांतून गाणी बसविली गेली आणि दर वर्षी १ जानेवारीच्या रात्रीपासून सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमू लागले. युद्धाचे गाणे कसे जन्मते, ते काय लक्षात ठेवते आणि काय गाळून टाकते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही.

प्रथम घटना थोडक्यात सांगतो. भाई कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या तरुणाने कर्जत-मुरबाड भागातील शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या आणि आदिवासी पाड्यांवर शाळा चालविल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा त्यांनी भूमिगत होऊन ‘आझाद दस्ता’ उभारला. दस्त्याचे लक्ष्य मोठे विचारपूर्वक निवडलेले होते. भिवपुरी, खोपोली आणि भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जात असे. तिच्यावर कापडगिरण्या चालत आणि त्या गिरण्या सरकारच्या लष्करासाठी कापड विणीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दस्त्याने विजेचे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. दूर युरोपात आणि ब्रह्मदेशात चाललेल्या महायुद्धाची एक शीर आमच्या डोंगरांतून जात होती. ती कोतवालांनी बरोबर ओळखली. पुढे पोलिसांना ठावठिकाणा लागला आणि हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या तुकडीने सिद्धगडच्या जंगलात दस्त्याला गाठले. हिराजी पाटील तेथेच पडले आणि जखमी कोतवालांनाही गोळी घालून ठार मारण्यात आले.

आता गाण्याकडे वळू. मराठीत रणगाथा गाण्याचा जो प्रकार आहे, त्याला आपण पोवाडा म्हणतो. ‘पवाडा’ हा शब्द ज्ञानेश्वरीतही स्तुती, कीर्ती अशा अर्थाने आला आहे. कीर्ती गाणे हे पोवाड्याचे मूळचेच काम. उपलब्ध ऐतिहासिक पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो अज्ञानदासाचा, १६५९ सालच्या अफझलखानाच्या वधावरचा. जिजाऊसाहेबांच्या इच्छेवरून तो रचला गेला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे परंपरा सांगते. म्हणजे पहिल्या पोवाड्यापासूनच एक गोष्ट स्पष्ट होते: शाहिराला आश्रयदाता आहे, आणि तो आश्रयदाता जिंकलेल्या पक्षाचा आहे. यात शाहिराला कमीपणा आणण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडे चर्चच्या उत्सवात बँडवाल्यांना जे सांगावे तेच ते वाजवितात. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पोवाडा वाचताना हे विसरून चालत नाही.

दुसरा प्रसिद्ध पोवाडा तुळशीदासाचा, तानाजी मालुसऱ्यांचा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजीने प्राण देऊन कोंढाणा घेतला. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची जी कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली, ती या पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली आहे. समकालीन कागदांत घोरपड नाही. तसेच किल्ल्याचे ‘सिंहगड’ हे नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले, असे आपण मुलांना सांगतो, परंतु ते नाव या लढाईच्या काही वर्षे आधीच्या पत्रांत आढळते. १९०३ साली हरी नारायण आपटे यांनी आपल्या कादंबरीला ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव दिले आणि मग त्या वाक्याची मोहिनी इतकी पसरली की कागदपत्रे मागे राहिली. माझ्या मते यात रडण्यासारखे काही नाही. तुळशीदासाला दप्तर लिहावयाचे नव्हते. चांदण्या रात्री चावडीपुढे बसलेल्या शेतकऱ्याला त्या कड्याची उंची कळावी, म्हणून त्याने घोरपड चढविली. ती उंची त्याने बरोबर कळविली आहे.

पोवाड्याची रचना ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना माहीत आहे की ती मोठी सोयीची असते. मुख्य शाहीर डफावर थाप देतो, तुणतुणे एकच सूर धरून ठेवते, झांज ताल राखते आणि झीलकरी मागून ‘जी जी’ची साथ देतात. आधी गणाने नमन, मग चौकामागून चौक, मध्येच गद्यात सांगणे आणि शेवटी शाहिराची नाममुद्रा. ज्या श्रोत्याला अक्षर येत नाही त्यालाही कोण कुठून आला, कोणी कोणास मारले, हे समजते. लढाईची बातमी गावोगाव पोचविणारे हेच वर्तमानपत्र होते. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मराठ्यांचे सारे सरदार एकत्र येऊन जिंकलेली ती शेवटची मोठी लढाई. तिचा पोवाडा संगमनेरच्या अनंत फंदींनी रचला. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांतच पेशवाई बुडाली, आणि प्रभाकरासारख्या शाहिराला तिच्या ऱ्हासाचे गाणे गावे लागले.

पराभवाचे गाणे हा आमच्या परंपरेतला वेगळाच भाग आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर पुण्याला जी बातमी आली ती सावकाराच्या सांकेतिक भाषेत होती. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या हिशेबात माणसांची मोजदाद केलेली होती. शाहिरांनी पानिपतावर पुष्कळ गायिले. भाऊसाहेबांचे शौर्य, विश्वासरावांचे तारुण्य, जनकोजीचा अंत, सर्व काही त्यांत आहे. परंतु घराघरांत उरले ते दोन वाक्प्रचार: ‘पानिपत होणे’ आणि ‘लाख बांगडी फुटली’. हा दुसरा वाक्प्रचार कोणा शाहिराच्या डफातून निघाला असेल असे मला वाटत नाही. तो स्वयंपाकघरातून आला असावा. बांगडी फुटते तेव्हा आवाज कोठे होतो हे बायकांनाच माहीत.

आणि येथेच युद्धगीताचा दुसरा प्रवाह सुरू होतो. तो रणांगणावरचा नव्हे, जात्यावरचा. पहाटे तीनच्या सुमारास, पुरुषमाणसे झोपलेली असताना, दोघी जणी खुंटा धरून समोरासमोर बसत आणि नाचणीची किंवा तांदळाची पहिली मूठ घालून ओवी उचलीत. ओवीत आश्रयदाता नाही, बक्षीस नाही, नाममुद्रा नाही. नाव येते ते भावाचे, लेकाचे, फार झाले तर धन्याचे, आणि तेही आडून. पोवाडा हा चौकातला आणि ओवी ही माजघरातली. पोवाडा विचारतो, कोण जिंकले? ओवी विचारते, तो कधी परत येणार?

पहिल्या महायुद्धात हा भेद फार ठळक झाला. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात, कूत-अल-अमारा येथे, पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. मराठी शेतकऱ्यांची पोरे तिग्रिसच्या काठी उपाशी बसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंड शरण गेल्यावर वाळवंटातून कैदी म्हणून चालविली गेली. त्यांतील कितीतरी वाटेत संपली. युद्ध संपल्यावर सरकारने देशावर व कोकणात अनेक गावांच्या वेशीत दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. पाट्यांवर नावे नाहीत, केवळ आकडे आहेत. त्या आकड्यांची नावे जात्यावर होती. ‘पलटण’ हा इंग्रजीतून आलेला शब्द बायकांनी ओवीत असा सामावून घेतला की जणू तो एखाद्या गावाचे नाव असावे, जेथे भाऊ नांदावयास गेला आहे.

पोवाड्यांचा संग्रह लवकर झाला. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे पुस्तक काढले आणि १८९४ साली त्यांतील काहींचे इंग्रजी भाषांतर लंडनला प्रसिद्ध केले. हेच ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि वडाळ्याचे कुष्ठरुग्णालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोंधळ्यांच्या तोंडून विरत चाललेली गाणी टिपून ठेवावी आणि रस्त्यावर टाकलेल्या महारोग्यांना छप्पर द्यावे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला सुचली, ही गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. त्यांच्यामागून य. न. केळकर यांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ प्रसिद्ध केले, त्याचा पहिला भाग १९२८ चा.

ओव्यांच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ हा ओव्यांचा संग्रह केला, तो मोठाच अपवाद. त्यानंतर १९८० च्या दशकात मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातव्हें आणि पुण्याच्या हेमा राइरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरची गाणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमविल्या. प्वातव्हें २००४ साली वारले, परंतु त्यांचा संग्रह आता सर्वांना पाहता-ऐकता येतो. एका परदेशातून आलेल्या माणसाने आमच्या आयाबहिणींचे शब्द जपावे, याचे आपल्या समाजाला तरी नवल वाटू नये. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले ते १६१६ साली गोव्यातील साष्टीत छापले गेले. त्याच साष्टीत १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती मारले गेले होते. त्या पाच जणांचे मृतदेह मिळविण्यासाठी स्टीफन्स स्वतः गेले होते, आणि पोर्तुगीज सत्तेनेही त्याचा कठोर सूड उगविला होता. अशा जखमी मुलखात त्यांनी जिंकणाऱ्यांची भाषा न वापरता जात्यावरचा छंद उचलला.

पुन्हा १९४३ कडे येतो, कारण त्या एका हिवाळ्यात युद्धगीताच्या इतिहासातला मोठा विलक्षण योग घडला. सिद्धगडावर कोतवाल पडले ते २ जानेवारीला. बरोबर एक महिन्याने, २ फेब्रुवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्या लढाईवर अण्णा भाऊ साठे यांनी मराठीत पोवाडा रचला. वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेला, शाळेत दीड-दोन दिवसच गेलेला हा तरुण मुंबईत गिरण्यांच्या वस्तीत राहत होता. व्होल्गा नदी त्याने पाहिली नव्हती. तरीही डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांच्या त्याच जुन्या ठेक्यावर त्याने रशियन कामगारांची लढाई परळ-लालबागच्या कामगारांना ऐकविली. अफझलखानाच्या वधासाठी घडविलेले वाद्य स्टालिनग्राडसाठी चालते, हे त्याने दाखवून दिले. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्याने ‘लाल बावटा कलापथक’ काढले.

येथे इतिहासातील एक पेच आहे, तो झाकून ठेवू नये. हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला लोकयुद्ध म्हटले होते आणि ‘चले जाव’ आंदोलनापासून तो दूर राहिला होता. म्हणजे ज्या गिरण्यांची वीज तोडण्यासाठी कोतवाल आमच्या रानात मनोरे पाडीत होते, त्याच गिरण्यांतील कामगार संध्याकाळी त्याच महायुद्धातल्या एका विजयाचा पोवाडा ऐकत होते. दोघांनाही स्वातंत्र्य हवे होते. दोघेही पददलितांच्या बाजूचे होते. एकाने धान्यकोठी काढली, दुसऱ्याने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर पोवाडा लिहिला. तरीही त्या हिवाळ्यात त्यांची गाणी एकमेकांविरुद्ध उभी होती. राष्ट्रभक्तीचे गाणे म्हटले की ते एकच असते आणि सर्वांना एकाच बाजूला उभे करते, असा जो समज आपल्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमांतून होतो तो येथे टिकत नाही. मला स्वतःला कोतवालांची बाजू अधिक जवळची वाटते, कदाचित मी या डोंगरांच्या सावलीत राहतो म्हणूनही असेल. परंतु स्टालिनग्राड पडले असते तर जगाचे काय झाले असते, हा प्रश्न अण्णा भाऊंना पडला त्यात त्यांचे काय चुकले? २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

साताऱ्याकडे त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते आणि त्यांच्या सभांतून शाहीर शंकरराव निकम गात असत. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह वि. स. खांडेकरांनी १९४२ सालीच प्रसिद्ध केला आणि त्यातील क्रांतीची कविता तुरुंगांतून पाठ झाली. ठाणे जिल्ह्याच्या रानात मात्र छापील कविता पोचावयास वेळ लागत असे. येथे माणसे ठाकरांच्या कांबडनाचाला, वारल्यांच्या तारप्याला आणि म्हशाच्या यात्रेतल्या तमाशाच्या फडाला जमत. पौषात म्हशाला बैलांचा बाजार भरतो, घोंगड्या विकावयास येतात. गावोगावची गाणी आणि बातम्या फिरावयाच्या त्या अशाच वाटांनी.

कोतवालांवरची जी गाणी झाली ती साहजिकच पोवाड्याच्या घाटाची झाली. नायक एक, शत्रू एक, विश्वासघात एक आणि शेवटी बलिदान. घाट तसा असल्यामुळे हिराजी पाटलांचे नाव बहुधा दुसऱ्या ओळीत येते किंवा ‘साथीदार’ या शब्दात बुडते. पोवाड्याला एकच घोडेस्वार पेलतो. सिद्धगडच्या रानात दस्त्याने जे दिवस काढले ते भाकरीवाचून काढले नसणार. त्या भाकरी कोणीतरी थापल्या, त्यांचे पीठ कोणीतरी पहाटे जात्यावर काढले आणि पोलीस दारात आले तेव्हा त्या बाईने काहीतरी उत्तर दिले. त्या उत्तराचा पोवाडा नाही. रघोजी भांगरे यांच्याबाबतही हेच दिसते. महादेव कोळ्यांच्या या बंडखोर नायकाला इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. अकोल्यापासून शहापूर-मुरबाडच्या घाटवाटांपर्यंत त्यांचा संचार होता. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षे लपविले त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

आता एक प्रश्न आपल्या घरचा. मराठी बोलणारे कॅथलिक म्हणून युद्धगीतांच्या या वारशात आपण कोठे उभे राहतो? १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली. १६ मे १७३९ रोजी वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज शरण आले. शरणागतीच्या अटींनुसार त्यांना सन्मानाने बाहेर पडता आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मुभा मिळाली. युरोपीय धर्मगुरू बहुसंख्येने निघून गेले, आणि आपले पूर्वज येथील स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने श्रद्धा टिकवून राहिले. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवस्थानांना नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. तशीच एक घंटा भीमाशंकरला आहे, म्हणजे सिद्धगडाच्या माथ्यावरून जो डोंगर दिसतो त्याच्याच अंगाखांद्यावर.

काही जण ही गोष्ट कडवटपणे सांगतात आणि काही जण अभिमानाने सांगतात. मला दोन्ही अपुरे वाटते. वसईचा विजय हा मराठ्यांच्या इतिहासातील खरोखरचा पराक्रम आहे आणि तो गाणाऱ्याचा कंठ दाटून आला तर त्यात गैर काही नाही. त्याच वेळी, घंटा उतरविली गेली त्या दिवशी एखाद्या गावातील कोणा बाईला पहाटेच्या प्रार्थनेची वेळ कळेनाशी झाली असेल, हेही तितकेच खरे. तिचे गाणे आपल्याकडे वेगळ्या रूपाने उरले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचे पाणी’ आणताना बायका जी गाणी म्हणतात ती मराठी आहेत, त्यांची चाल ओवीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. राज्य बदलले, धर्मगुरू गेले, घंटा गेल्या, पण बायकांनी भाषा सोडली नाही. पोर्तुगिजांच्या दोन शतकांहून अधिक राजवटीनंतर हे घडले, हे लक्षात घ्यावे.

गोव्यातील आपल्या बांधवांनी तर सत्तेच्या गोळीबारावरही गाणे केले. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावला, नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळी, चर्चच्या आवारात पोर्तुगीज शिपायांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. तोर्क्वात द फिगेरेद यांनी त्यावर कोंकणी मांडो रचला आणि ज्या मांडोत एरवी प्रियकर-प्रेयसीच्या विरहाशिवाय काही नसते, त्यात रक्ताचा डाग आला. तो मांडो पुढे लग्नसमारंभांतूनही गायिला गेला. वाचकहो, कॅथलिक समाजाला देशाच्या दुःखाचे गाणे नव्हते असे कोणी म्हणाले तर त्यांना या मांडोची आठवण द्यावी. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला लागूनच असलेले सिल्वासा मुक्त झाले, त्या मोहिमेत गायक सुधीर फडके स्वतः सामील होते.

स्वातंत्र्यानंतर युद्धगीताचे वाहन बदलले. १९६२ च्या चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे गीत गायिले. त्याची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. रेडिओने ते गीत देशभर पोचविले. त्या गीताचे वैशिष्ट्य असे की ते हरलेल्या युद्धाचे आहे आणि त्यात घरी न परतलेल्यांची आठवण आहे. म्हणून मला ते पोवाड्यापेक्षा ओवीच्या जवळचे वाटते, जरी ते भर मैदानात, पंतप्रधानांसमोर, वाद्यवृंदासह गायिले गेले.

सिद्धगडाचा स्मृतिदिन आजही पाळला जातो. मशाली येतात, रात्रभर माणसे जागतात, पहाटे मानवंदना होते. २०२० च्या जानेवारीत भाई कोतवालांवर मराठी चित्रपटही आला. आता ध्वनिक्षेपकावर चित्रपटाची गाणी अधिक ऐकू येतात, आणि तरुणांना ती आवडतात याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रपटामुळे मुंबई-ठाण्याच्या मुलांना सिद्धगड मुरबाडला आहे हे तरी समजले. मात्र या भागातील ज्या वृद्धांनी १९४२-४३ चे दिवस लहानपणी पाहिले, त्यांतील फार थोडे आता उरले आहेत. त्यांना कोणी विचारावयास जाते तेव्हा कोतवाल कसे दिसत, बंदूक कोणती होती, असेच विचारते. घरात त्या वेळी काय गात होते, असे क्वचितच कोणी विचारते.

मी आशीर्वादासाठी घरोघरी जातो तेव्हा अलीकडे तो प्रश्न विचारू लागलो आहे. एका पाड्यावर नव्वदीच्या घरातील आजीबाई भेटल्या. त्यांच्या मोठ्या भावाला पोलिसांनी कर्जतला नेले होते आणि तो चार महिन्यांनी परतला होता. आईने त्यावर जात्यावर काही म्हटले होते काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, पुष्कळ म्हटले होते. मग त्या बराच वेळ गप्प राहिल्या. शब्द आठवेनात. गावात पिठाची गिरणी आली तेव्हापासून जाते फिरले नव्हते. त्याची खालची तळी न्हाणीच्या दाराशी पायरी म्हणून बसविली होती आणि वरची तळी पडवीत उभी होती. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, फादर, असे त्या मला समजावून सांगू लागल्या. मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि पायरीचा दगड उपटून आणावयास सांगितले.